पती-पत्नींची संयुक्त मालमत्ता आणि परस्परांमधील हस्तांतरण

राहते घर, जागा किंवा शेतजमीन पती-पत्नी दोघांच्या नावावर असावी, असे अनेक कुटुंबांना वाटते. सरकारच्या घरकुल योजनाही त्यालाच प्राधान्य देतात. मात्र ‘नाव लावणे’ हे बोलण्यात जितके सोपे वाटते, तितके ते कायद्यात नाही. नाव वीज बिलावर लागते, घरपट्टीला लागते, सोसायटीत लागते आणि कर्जाच्या कागदावरही लागते. यांपैकी कोणत्या नावाने मालकी मिळते आणि कोणत्या नावाने मिळत नाही, हे माहीत नसल्यामुळे घर विकताना, वेगळे होताना किंवा जोडीदाराच्या मृत्यूनंतर अडचण उभी राहते. संयुक्त मालकी म्हणजे काय, एकाच्या नावावरील मिळकत दुसऱ्याच्या नावावर कशी करावी, त्यावर कर कसा लागतो आणि पुढे वारसाहक्काचे काय होते, याची माहिती या लेखात दिली आहे.

## थोडक्यात महत्त्वाचे

- मालकी नोंदणीकृत दस्ताने मिळते. सातबारा, घरपट्टी, वीज बिल किंवा कर्जाच्या कागदावर नाव आल्याने ती मिळत नाही.
- दस्तात दोघांची नावे असतील, तर प्रत्येकाचा हिस्सा टक्केवारीत लिहून घ्यावा.
- दोघांची नावे आहेत म्हणून एकाच्या मृत्यूनंतर संपूर्ण घर आपोआप दुसऱ्याचे होत नाही.
- जोडीदाराला दिलेल्या बक्षिसावर आयकर लागत नाही. पण त्या मिळकतीचे उत्पन्न देणाऱ्याच्याच उत्पन्नात धरले जाते.
- मुद्रांक शुल्क हा राज्यांचा विषय आहे. दर आणि सवलती प्रत्येक राज्यात वेगळ्या आहेत.

## कोणत्या कागदाने मालकी सिद्ध होते?

खरेदीखत, बक्षीसपत्र, हक्कसोडपत्र, वाटणीपत्र. स्थावर मिळकतीतील मालकी सामान्यतः या दस्तांनी मिळते. नोंदणी अधिनियम, १९०८ नुसार ते दुय्यम निबंधक कार्यालयात नोंदवावे लागतात. सह्या झाल्याच्या तारखेपासून चार महिन्यांच्या आत दस्त नोंदणीसाठी सादर करणे आवश्यक आहे.

सातबारा, आठ-अ, मिळकत पत्रिका. या महसुली आणि भूमापन नोंदी आहेत. जमीन कोणाच्या नावे आहे आणि सारा कोण भरतो, हे त्यांतून कळते. पण केवळ फेरफार झाला म्हणून मालकी निर्माण होत नाही किंवा जातही नाही. मूळ दस्त किंवा वारसाहक्क असेल, तरच या नोंदीला आधार असतो.

घरपट्टी, पाणीपट्टी, वीज बिल. ही रक्कम वसूल करण्यासाठी ठेवलेली नावे आहेत. रहिवासाचा पुरावा म्हणून त्यांचा उपयोग होतो.

गृहकर्जाचा करार. कर्जात सहकर्जदार असणे म्हणजे परतफेडीची जबाबदारी घेणे. हप्ते भरूनही खरेदीखतात नाव नसेल, तर तुम्ही कर्जदार असता, पण दस्तानुसार मालक नसता. कर्जावर सही करण्यापूर्वी हे अवश्य तपासा.

सोसायटीचे भागपत्र. महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, १९६० मध्ये संयुक्त सदस्य आणि सहयोगी सदस्य यांत फरक केला आहे. संयुक्त सदस्याचे नाव भागपत्रावर असते. सहयोगी सदस्याचे नाव भागपत्रावर नसते. तो मूळ सदस्याच्या लेखी संमतीने सभेला जातो आणि मतदान करतो. त्यामुळे सोसायटीने पत्नीला सहयोगी सदस्य करून घेतले, तरी फ्लॅटमध्ये तिचा हिस्सा तयार होत नाही.

## संयुक्त मालकीत हिस्सा कसा ठरतो?

मालमत्ता हस्तांतरण अधिनियम, १८८२ च्या कलम ४५ मध्ये याचा नियम आहे. दोन व्यक्तींनी मिळून मिळकत विकत घेतली आणि दस्तात वेगळे काही लिहिले नसेल, तर ज्याने जितके पैसे घातले त्या प्रमाणात त्याचा हिस्सा मानला जातो. कोणी किती पैसे दिले याचा पुरावाच नसेल, तर दोघांचे हिस्से समान आहेत असे गृहीत धरले जाते.

उदाहरण पाहा. एका जोडप्याने ४० लाख रुपयांना घर घेतले. पत्नीने स्वतःच्या बचतीतून १० लाख आणि पतीने ३० लाख रुपये दिले. दस्तात हिस्सा लिहिलेला नाही. पुढे वाद झाला आणि बँकेच्या नोंदी पुढे आल्या, तर पत्नीचा हिस्सा २५ टक्के ठरू शकतो. घर निम्मे-निम्मे असावे असे दोघांना वाटत असेल, तर ते खरेदीखतातच स्पष्ट लिहिले पाहिजे.

घर सांभाळणे, मुले वाढवणे, शेतात राबणे या कामांचा मोबदला कोणत्याही पावतीवर दिसत नाही. पैशाच्या हिशेबावर हिस्सा सोडला, तर या कामाला शून्य किंमत येते. म्हणूनच कमावत नसलेल्या जोडीदारासाठी हिस्सा लिहून घेणे अधिक गरजेचे आहे.

पत्नीच्या नावावर घर घेतले आणि पैसे पतीने दिले, तर तो व्यवहार बेनामी ठरतो का, असा प्रश्न अनेकजण विचारतात. बेनामी मालमत्ता व्यवहार प्रतिबंध अधिनियम, १९८८ मध्ये २०१६ साली दुरुस्ती झाली. त्यानुसार जोडीदाराच्या किंवा मुलांच्या नावावर, ज्ञात उत्पन्नाच्या स्रोतातून पैसे देऊन घेतलेली मिळकत बेनामी मानली जात नाही. त्यासाठी पैसे बँकेमार्फत दिलेले असावेत आणि त्यांचा हिशेब दाखवता यावा.

## सरकारी योजना आणि सवलती

प्रधानमंत्री आवास योजना. ग्रामीण योजनेत घर महिलेच्या नावे किंवा पती-पत्नीच्या संयुक्त नावे मंजूर केले जाते. विधुर, अविवाहित किंवा विभक्त व्यक्तींना यात अपवाद आहे. शहरी योजनेतही महिलेची एकटीची किंवा संयुक्त मालकी हाच नियम ठेवला आहे. मंजुरीपत्रात दोन्ही नावे बरोबर लिहिली आहेत का आणि ती आधार कार्डाशी जुळतात का, हे पहिला हप्ता घेण्यापूर्वीच पाहा.

स्वामित्व योजना. २४ एप्रिल २०२० रोजी सुरू झालेल्या या योजनेत गावठाणातील घरांचे ड्रोनने मोजमाप करून मिळकत पत्रिका दिल्या जातात. पत्रिकेवर कोणाचे नाव येणार, हे गावातील चौकशीच्या वेळी ठरते. त्या दिवशी घरातील दोघांनीही हजर राहावे आणि हरकत असल्यास मुदतीत नोंदवावी.

सातबारावर पत्नीचे नाव. शेतकरी संघटनेचे शरद जोशी यांच्या ‘लक्ष्मी मुक्ती’ कार्यक्रमातून शेतजमिनीवर पत्नीचे नाव लावण्याची मागणी महाराष्ट्रात पुढे आली. राज्य शासनाने १९९२ मध्ये पतीच्या अर्जावरून पत्नीचे नाव सहहिस्सेदार म्हणून नोंदवण्याची तरतूद केली. याबाबत तलाठी म्हणजेच ग्राम महसूल अधिकारी कार्यालयात विचारणा करा. मात्र जमिनीतील निश्चित हिस्सा पत्नीला द्यायचा असेल, तर नोंदणीकृत बक्षीसपत्र हा अधिक पक्का मार्ग आहे.

महिलांना मुद्रांक शुल्कात सवलत. काही राज्यांतील स्थिती अशी आहे:

- महाराष्ट्र: १ एप्रिल २०२१ पासून राहत्या मिळकतीच्या खरेदीत महिलेला १ टक्का सवलत आहे. खरेदीदार फक्त महिला असतील तरच ती मिळते. पतीचे नाव जोडले की ही सवलत मिळत नाही.
- दिल्ली: महिलेला पुरुषापेक्षा २ टक्के कमी शुल्क लागते. पती-पत्नीने संयुक्त खरेदी केल्यास दर या दोन्हींच्या मध्ये असतो.
- हरियाणा: महिलेसाठी दर पुरुषापेक्षा २ टक्क्यांनी कमी आहे.
- उत्तर प्रदेश: महिलेला १ टक्का सवलत आहे. ती पूर्वी १० लाख रुपयांपर्यंतच्या मिळकतीला होती. २०२५ मध्ये ही मर्यादा १ कोटी रुपये करण्यात आली.

म्हणजे नाव एकटीचे ठेवावे की संयुक्त, हे ठरवताना शुल्काचा फरकही विचारात घ्यावा लागतो. मात्र केवळ शुल्क वाचावे म्हणून मालकीचा निर्णय घेऊ नका. शुल्क एकदाच भरायचे असते, मालकीचा परिणाम आयुष्यभर राहतो.

## एकाच्या नावावरील मिळकत दुसऱ्याच्या नावावर करण्याचे मार्ग

१. बक्षीसपत्र. मोबदला न घेता संपूर्ण मिळकत किंवा तिचा ठरावीक हिस्सा जोडीदाराला देता येतो. पतीच्या नावावरील घर दोघांचे करायचे असेल, तर ५० टक्के अविभक्त हिस्स्याचे बक्षीसपत्र करता येते. दस्तावर देणाऱ्याची सही आणि किमान दोन साक्षीदारांच्या सह्या लागतात, तसेच दस्त नोंदवावा लागतो. घेणाऱ्याने ते बक्षीस देणाऱ्याच्या हयातीतच स्वीकारले पाहिजे. एकदा नोंदलेले आणि स्वीकारलेले बक्षीस देणाऱ्याला मनात आले म्हणून परत घेता येत नाही.

२. खरेदीखत. जोडीदाराकडून प्रत्यक्ष किंमत घेऊन मिळकत विकता येते. यात पूर्ण मुद्रांक शुल्क लागते आणि विकणाऱ्याला भांडवली नफ्यावर कर भरावा लागू शकतो.

३. हक्कसोडपत्र. मिळकत आधीपासूनच दोघांची असेल आणि एकाला आपला हिस्सा दुसऱ्यासाठी सोडायचा असेल, तर हा दस्त करतात. ज्याचा मिळकतीत हक्कच नाही, त्याच्या नावे हक्कसोडपत्र होत नाही. तेथे बक्षीसपत्रच करावे लागते.

४. मृत्युपत्र. मालकी हयातीत स्वतःकडे ठेवून नंतर जोडीदाराला द्यायची असेल, तर मृत्युपत्र करावे. त्याला मुद्रांक शुल्क लागत नाही. नोंदणी ऐच्छिक आहे, पण केलेली बरी. दोन साक्षीदार आवश्यक आहेत. हयातीत ते कितीही वेळा बदलता येते.

मुस्लीम कायद्यानुसार हिबा, म्हणजे बक्षीस, तोंडीही करता येते. त्यासाठी देण्याची घोषणा, स्वीकार आणि ताबा या तीन गोष्टी लागतात. पती-पत्नी एकाच घरात राहत असतील, तर ताबा देण्यासाठी घर सोडून जावे लागत नाही. तरीही लेखी पुरावा ठेवणे हिताचे आहे, कारण पुढे नोंदी बदलताना तोच उपयोगी पडतो.

बक्षीसपत्रावरील मुद्रांक शुल्क. महाराष्ट्रात २०१५ मध्ये पती, पत्नी, मुलगा, मुलगी, नातू, नात आणि मयत मुलाची पत्नी यांना दिलेल्या राहत्या किंवा शेतीच्या मिळकतीवरील शुल्क २०० रुपये इतके नाममात्र करण्यात आले. दुकान, गाळा किंवा कार्यालयाला ही सवलत नाही. याशिवाय स्थानिक संस्थेचा अधिभार लागू शकतो. त्यामुळे एकूण रक्कम दुय्यम निबंधक कार्यालयातून आधी समजून घ्या. उत्तर प्रदेशाने २०२२ मध्ये कुटुंबातील ठरावीक नातेवाईकांना दिलेल्या बक्षिसासाठी ५,००० रुपये शुल्क ठरवले. त्यात पती-पत्नीचाही समावेश आहे. इतर राज्यांत राहणाऱ्या वाचकांनी तेथील नोंदणी व मुद्रांक विभागाचे चालू दर पाहावेत. मिळकत ज्या राज्यात आहे त्या राज्याचा दर लागतो, तुम्ही कोठे राहता यावर तो अवलंबून नसतो.

## बक्षीसपत्र करण्याची पद्धत

१. मिळकत स्वतःच्या पूर्ण मालकीची आहे का ते तपासा. हिंदू एकत्र कुटुंबाच्या मिळकतीतील अविभक्त हिस्सा एकट्याला बक्षीस देता येत नाही. आधी वाटणी व्हावी लागते.

२. घरावर कर्ज असेल, तर बँकेची लेखी संमती घ्या. भोगवटादार वर्ग २ च्या जमिनीसाठी सक्षम अधिकाऱ्याची पूर्वपरवानगी लागते. सरकारी योजनेत मिळालेल्या घराच्या मंजुरीपत्रातील हस्तांतरणाच्या अटी वाचा.

३. मसुदा तयार करा. त्यात दोघांचे नाते, मिळकतीचे पूर्ण वर्णन, दिलेला हिस्सा, मोबदला घेतलेला नाही हा उल्लेख आणि स्वीकाराचे कलम असावे.

४. बाजारमूल्य काढून शुल्क व नोंदणी फी भरा.

५. दोन्ही पक्ष आणि साक्षीदार यांनी कार्यालयात हजर राहून सह्या, छायाचित्र आणि अंगठ्याचे ठसे द्यावेत.

६. नोंदणीनंतर मूळ दस्त आणि सूची २ ताब्यात घ्या.

७. सातबारा किंवा मिळकत पत्रिका, घरपट्टी आणि सोसायटीचे भागपत्र यांवर नाव बदलून घ्या. महाराष्ट्रात फेरफाराची नोटीस निघाल्यावर हरकतीसाठी १५ दिवसांची मुदत असते. नोंद प्रमाणित झाल्यावर नवा उतारा काढून खात्री करा.

सोबत न्यायची कागदपत्रे: मूळ मालकीचा दस्त, चालू सातबारा किंवा मिळकत पत्रिका, घरपट्टीची पावती, दोघांचे आधार व पॅन कार्ड, विवाह नोंदणी प्रमाणपत्र किंवा नात्याचा अन्य पुरावा, लागू असल्यास बँकेचे संमतीपत्र आणि सोसायटीचे पत्र.

## आयकराचे नियम

१ एप्रिल २०२६ पासून आयकर अधिनियम, १९६१ ऐवजी आयकर अधिनियम, २०२५ लागू झाला आहे. कलमांचे क्रमांक बदलले असले, तरी पती-पत्नींसंबंधीची खालील मूळ तत्त्वे कायम आहेत.

बक्षीस करमुक्त आहे. पती-पत्नी हे एकमेकांचे ‘नातेवाईक’ मानले जातात. त्यामुळे मिळकत कितीही किमतीची असली, तरी घेणाऱ्याला तिच्यावर कर लागत नाही. देणाऱ्यालाही भांडवली नफ्याचा कर लागत नाही.

उत्पन्न मात्र देणाऱ्याचे धरले जाते. समजा, पतीने पत्नीला फ्लॅट बक्षीस दिला आणि त्याचे भाडे दरमहा १५,००० रुपये येते. वर्षाचे १,८०,००० रुपये होतात. त्यातून ३० टक्के प्रमाणित वजावट गेली की १,२६,००० रुपये उरतात. ही रक्कम पतीच्या उत्पन्नात मिळवली जाते. पत्नी कायदेशीर मालक असली तरी करासाठी हाच नियम आहे. त्यामुळे केवळ कर वाचवण्यासाठी केलेल्या बक्षीसपत्राचा फारसा उपयोग होत नाही. भाड्याची रक्कम पत्नीने मुदत ठेवीत गुंतवली, तर त्यावरील व्याज मात्र पत्नीचे स्वतःचे उत्पन्न असते.

विक्री केल्यास. बक्षीस मिळालेले घर पत्नीने विकले, तर घराची मूळ किंमत म्हणून पतीची खरेदी किंमत धरतात आणि पतीकडे घर किती काळ होते तेही मोजतात. त्यातून होणारा नफाही पतीच्या उत्पन्नात धरला जातो.

स्वतःच्या पैशाने घेतलेला हिस्सा. दोघांनी आपापल्या उत्पन्नातून घर घेतले असेल आणि हिस्से निश्चित असतील, तर प्रत्येकावर स्वतःच्या हिस्स्यापुरताच कर लागतो. जुन्या कररचनेत राहत्या घराच्या कर्जावरील व्याजाची २ लाख रुपयांपर्यंतची वजावट प्रत्येकाला स्वतंत्रपणे मिळू शकते. त्यासाठी दोघेही मालक आणि दोघेही कर्जदार असले पाहिजेत आणि हप्ते प्रत्यक्ष भरलेले असले पाहिजेत. नव्या कररचनेत स्वतः राहत असलेल्या घराच्या व्याजावर ही वजावट नाही.

५० लाखांपासून पुढची खरेदी. मिळकतीची किंमत ५० लाख रुपये किंवा अधिक असेल, तर खरेदीदाराने विक्रेत्याच्या रकमेतून १ टक्का कर कापून भरायचा असतो. १ ऑक्टोबर २०२४ पासून खरेदीदार कितीही असले, तरी एकूण किंमत पाहिली जाते. ६० लाखांचे घर दोघांनी ३०-३० लाख देऊन घेतले, तरीही कर कापावा लागतो.

## जोडीदाराचा मृत्यू झाल्यास

संयुक्त मालकीबाबत सर्वांत मोठा गैरसमज येथे आहे. बँकेतील संयुक्त खात्याची रक्कम हयात असलेल्याला मिळते, तसे घराचे होत नाही. मृत व्यक्तीचा हिस्सा तिच्या वारसांकडे जातो.

हिंदू पुरुषाचा मृत्यू. हिंदू उत्तराधिकार अधिनियम, १९५६ नुसार मृत्युपत्र नसेल, तर पत्नी, मुलगे, मुली आणि आई यांना समान हिस्सा मिळतो. समजा, घर पती-पत्नीचे निम्मे-निम्मे आहे. पती वारला. मागे पत्नी, दोन मुले आणि पतीची आई आहेत. पतीच्या निम्म्या हिस्स्याचे चार भाग होतात. प्रत्येकाला संपूर्ण घराचा एक अष्टमांश मिळतो. पत्नीचा स्वतःचा निम्मा हिस्सा धरून तिच्याकडे पाच अष्टमांश हिस्सा येतो. घर विकायचे झाल्यास उरलेल्या तिघांची संमती लागते. मुले अज्ञान असतील, तर त्यांचा हिस्सा विकण्यासाठी न्यायालयाची परवानगी लागते. पुढे सासूचा मृत्यू झाला, तर तिचा एक अष्टमांश हिस्सा तिच्या वारसांकडे, म्हणजे दीर आणि नणंदांकडेही जातो.

हिंदू स्त्रीचा मृत्यू. तिचा हिस्सा पती आणि मुलांना समान मिळतो. पती आधीच वारला असेल आणि मुले नसतील, तर तिने स्वतः कमावलेली मिळकतही आधी पतीच्या वारसांकडे जाते. तिचे आई-वडील त्यानंतर येतात. आई-वडिलांकडून वारसाने मिळालेली मिळकत मात्र अशा वेळी वडिलांच्या वारसांकडे जाते. स्वतःची मिळकत माहेरच्यांना मिळावी असे वाटत असेल, तर मृत्युपत्र करणे हाच मार्ग आहे.

मुस्लीम कायदा. मुले असतील तर विधवेला एक अष्टमांश आणि नसतील तर एक चतुर्थांश हिस्सा मिळतो. विधुराला अनुक्रमे एक चतुर्थांश आणि निम्मा मिळतो. मृत्युपत्राने साधारणपणे एक तृतीयांश मिळकतच देता येते. हयातीतील हिब्याला ही मर्यादा नसते.

ख्रिस्ती कुटुंबे. भारतीय उत्तराधिकार अधिनियम, १९२५ नुसार मुले असतील तर विधवेला किंवा विधुराला एक तृतीयांश हिस्सा मिळतो, उरलेला मुलांना जातो.

नामनिर्देशन. सोसायटी नामनिर्देशित व्यक्तीच्या नावे सदस्यत्व करून देते. पण ती व्यक्ती वारसांच्या वतीने मिळकत सांभाळते, एकटी मालक होत नाही. नामनिर्देशन अवश्य करा, पण त्याला मृत्युपत्राचा पर्याय समजू नका.

## गोव्यातील वेगळी व्यवस्था

देशात बहुतेक ठिकाणी लग्न झाल्याने जोडीदाराच्या मिळकतीत आपोआप हिस्सा मिळत नाही. गोव्यात मात्र १८६७ च्या पोर्तुगीज नागरी संहितेच्या परंपरेतून आलेला कौटुंबिक कायदा लागू आहे. लग्नापूर्वी वेगळा करार केला नसेल, तर पती-पत्नीची मिळकत सामाईक मानली जाते आणि प्रत्येकाचा त्यात निम्मा वाटा असतो. स्थावर मिळकत विकताना दोघांच्या सह्या लागतात. आयकर कायद्यातही याची दखल आहे. अशा जोडप्यांचे पगाराव्यतिरिक्तचे उत्पन्न दोघांत समान विभागून कर लावला जातो. गोव्याच्या रहिवाशाची मिळकत महाराष्ट्रात किंवा इतर राज्यात असली, तरी तिच्या वारसाहक्काला गोव्याचाच कायदा लागू होतो, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्ये स्पष्ट केले आहे.

## मतभेद किंवा वेगळे होण्याची वेळ आल्यास

- घटस्फोटाने मालकी आपोआप बदलत नाही. ज्याचा जितका हिस्सा आहे तो तसाच राहतो. परस्पर संमतीने वेगळे होताना घराचे काय होणार, हे अटींमध्ये स्पष्ट लिहा आणि त्याप्रमाणे दस्त नोंदवा.
- सहमालक स्वतःचा हिस्सा विकू शकतो, पण संपूर्ण घर एकट्याला विकता येत नाही. कुटुंबाच्या राहत्या घरातील हिस्सा परक्याने घेतला, तर त्याला घरात येऊन राहण्याचा हक्क लगेच मिळत नाही. कुटुंबातील सहमालक न्यायालयाने ठरवलेल्या किमतीला तो हिस्सा घेण्याची मागणी करू शकतो.
- घर पतीच्या किंवा सासरच्यांच्या नावावर असले, तरी कौटुंबिक हिंसाचारापासून महिलांचे संरक्षण अधिनियम, २००५ नुसार पत्नीला सामाईक घरात राहण्याचा हक्क मागता येतो. हा निवाऱ्याचा हक्क आहे, मालकीचा नाही.
- देणेकऱ्यांना बुडवण्याच्या हेतूने जोडीदाराच्या नावावर केलेली मिळकत न्यायालय रद्द ठरवू शकते.

## नेहमी विचारले जाणारे प्रश्न

पतीने माझे नाव सातबारावर लावले आहे. मी मालक झाले का?
केवळ नोंदीने मालकी पक्की होत नाही. नोंदीमागे कोणता दस्त किंवा आदेश आहे ते फेरफाराच्या उताऱ्यात पाहा. नोंदणीकृत बक्षीसपत्र असेल, तर तुमचा हिस्सा पक्का आहे.

मी नोकरी करत नाही. माझे नाव खरेदीखतात घालता येईल का?
हो. उत्पन्न नसले तरी सहमालक होता येते. हिस्सा टक्केवारीत लिहून घ्या. भाडे आल्यास पैसे देणाऱ्या जोडीदाराच्या उत्पन्नात त्यावर कर लागेल.

बक्षीसपत्र केल्यावर पतीला ते रद्द करता येईल का?
एकतर्फी नाही. फसवणूक किंवा दबावाने दस्त करून घेतल्याचे सिद्ध झाले, तर न्यायालय तो रद्द करू शकते.

दोघांचे घर आहे, तर मृत्युपत्र कशाला?
तुमचा हिस्सा तुमच्यामागे कोणाकडे जावा, हे तुम्हीच ठरवावे म्हणून. दोघांनीही आपापल्या हिस्स्याचे स्वतंत्र मृत्युपत्र करावे.

## मदत कोठे मिळेल?

विधी सेवा प्राधिकरण अधिनियम, १९८७ नुसार कोणत्याही महिलेला, तिचे उत्पन्न कितीही असले तरी, मोफत कायदेशीर मदत मिळण्याचा हक्क आहे. त्यासाठी तालुका किंवा जिल्हा न्यायालयाच्या आवारातील विधी सेवा प्राधिकरणाच्या कार्यालयात अर्ज करा किंवा १५१०० या राष्ट्रीय क्रमांकावर फोन करा. घरातून बाहेर काढले जाण्याची भीती असेल, तर १८१ या महिला मदत क्रमांकावर संपर्क साधता येतो. शुल्क आणि नोंदणीसाठी मिळकत ज्या भागात आहे तेथील दुय्यम निबंधक कार्यालयात, तर फेरफारासाठी ग्राम महसूल अधिकारी किंवा नगर भूमापन कार्यालयात चौकशी करावी.

सही करण्यापूर्वी चार गोष्टी पुन्हा पाहा: दस्तात दोघांची नावे आहेत का, हिस्सा लिहिला आहे का, पैसे कोठून आले याचा पुरावा जपून ठेवला आहे का आणि आपापल्या हिस्स्याचे मृत्युपत्र झाले आहे का.